घरचा बेंच पॉवर सप्लाय: व्होल्टेज सोपं, करंट अवघड

इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागला की आधी मल्टिमीटर येतो, मग सोल्डरिंग आयर्न. वीजपुरवठ्याचं मात्र बरेच दिवस उसनवारीवर चालतं. जुन्या मोबाइलचा चार्जर ५ व्होल्ट देतो, बंद पडलेल्या राउटरचा अडॅप्टर १२ देतो, आणि एखाद्या सेन्सरला ३.३ व्होल्ट लागले की ड्रॉवर उपसणं सुरू होतं. मग कधीतरी वाटतं, नॉब फिरवून हवं ते व्होल्टेज देणारा डबा आपणच का बांधू नये?

जरूर बांधावा. फक्त एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कमी-जास्त होणारं व्होल्टेज मिळवणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. तीन पायांची एक चिप आणि दोन रेझिस्टर एवढ्यात ते भागतं. बेंच पॉवर सप्लाय साध्या अडॅप्टरपेक्षा वेगळा ठरतो तो दुसऱ्या नॉबमुळे, म्हणजे करंटच्या. आणि तो दुसरा नॉब बसवला की त्याच्या पाठोपाठ उष्णतेचा प्रश्न दारात उभा राहतो.

दुसरा नॉब कशाला हवा?

अडॅप्टरवर ‘१२ व्होल्ट, २ अँपिअर’ असं छापलेलं असतं. याचा अर्थ तो सर्किटमध्ये २ अँपिअर घुसवतो असा नाही. सर्किट ओढेल तेवढाच करंट वाहतो. २ ही अडॅप्टरची कुवत झाली. ब्रेडबोर्डवरचं सर्किट ठीक असेल तर ते ३० मिलीअँपिअर ओढून गप्प बसेल. पण आयसी उलटा बसला असेल, किंवा सोल्डरचा केसाएवढा धागा दोन पट्ट्यांवर आडवा पडला असेल, तर तेच सर्किट मिळेल तेवढं मागतं आणि अडॅप्टर बिनतक्रार देत राहतो. १२ गुणिले २ म्हणजे २४ वॅट, तेही नखाएवढ्या आयसीत. पुढचं काम नाकाला कळतं.

आता तेच सर्किट ५० मिलीअँपिअरची मर्यादा घातलेल्या सप्लायला जोडा. करंट ५० वर पोचला की सप्लाय त्याला पुढे जाऊ देत नाही, त्यासाठी स्वतःचं व्होल्टेज खाली आणतो. मीटरवर १२ ऐवजी समजा १.८ दिसतात. १.८ व्होल्ट गुणिले ५० मिलीअँपिअर म्हणजे ९० मिलीवॅट. आयसी फार तर कोमट होईल. चूक कळली आणि आयसीही वाचला.

हौशी माणूस बहुधा ‘० ते ३० व्होल्ट, ५ अँपिअर’ असं स्वप्न घेऊन बाजारात जातो. माझं मत विचाराल तर पहिल्या सप्लायला १२-१३ व्होल्ट आणि १ अँपिअर भरपूर झाले. अर्डुइनो उनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड ५० मिलीअँपिअरच्या आसपास ओढतो, साधा एलईडी २०, ईएसपी३२ हा वायफायवाला बोर्ड वायफाय सुरू करताना काहीशे मिलीअँपिअरची उडी मारतो. एसआयएम८००एल सारखं जीएसएम मॉड्यूल क्षणभर २ अँपिअर मागतं खरं, पण अशी गिऱ्हाइकं थोडी. बाकी सगळं काम अर्ध्या अँपिअरच्या आत होतं.

सॉकेटपासून कपॅसिटरपर्यंत

घरातले २३० व्होल्ट हा आरएमएस, म्हणजे एक प्रकारच्या सरासरीचा, आकडा. लाट प्रत्यक्षात ३२५ व्होल्टपर्यंत चढते आणि तेवढीच उलट्या बाजूला जाते, सेकंदाला ५० वेळा. ट्रान्सफॉर्मर हे व्होल्टेज खाली आणतो आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्याला मेन्सपासून तोडतो. दोन वाइंडिंगमध्ये विजेची जोडणी नसते, फक्त लोखंडातून जाणारं चुंबकीय क्षेत्र असतं. म्हणून ट्रान्सफॉर्मरशिवाय, नुसता कपॅसिटर मालिकेत घालून व्होल्टेज उतरवणारी सर्किटं बेंचसाठी कधीही वापरू नका. तिथे आउटपुटची तार म्हणजे फेजच समजायची.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ‘१८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर द्या’ म्हटलं की बऱ्याचदा हातात १८-०-१८ पडतो. यात तीन तारा असतात. मधली आणि कडेची कुठलीही यांच्यात १८ व्होल्ट. दोन कडांमध्ये ३६. नवशिक्या दोन कडेच्या तारा एसीची डीसी करणाऱ्या ब्रिजला जोडतो आणि कपॅसिटरवर ५० व्होल्ट येतात. पुढे जी चिप वापरायची आहे तिच्या इनपुट आणि आउटपुटमध्ये ४० च्या वर फरक चालत नाही. आपल्याला हवा तो ०-१२-१८ असा टॅपिंगचा, म्हणजे एकाच वाइंडिंगमधून १२ आणि १८ च्या वेगळ्या तारा काढलेला, २ अँपिअरचा. तयार मिळाला नाही तर वाइंडिंगवाला करून देतो. तांब्याच्या वाइंडिंगचा सांगा, स्वस्तात ॲल्युमिनियम गळ्यात मारतात. १ अँपिअर डीसी हवा असताना ट्रान्सफॉर्मर २ चा का? कारण पुढचा कपॅसिटर करंट सलग घेत नाही. लाटेच्या टोकाला छोट्या, जोरदार गचक्यांत घेतो, आणि त्या गचक्यांनी वाइंडिंग जास्त तापतं. डीसीच्या साधारण १.८ पट एसी करंट धरायचा, हा रुळलेला हिशेब.

ट्रान्सफॉर्मरनंतर ब्रिज, म्हणजे चार डायोड. १ अँपिअरचे १एन४००७ इथे अगदी काठावर पडतात, १एन५४०८ हे ३ अँपिअरचे डायोड घ्या. पैशाचा फरक नगण्य आहे. ब्रिजमधून करंट एका वेळी दोन डायोड ओलांडतो, त्यात पावणेदोन-दोन व्होल्ट जातात.

मग मोठा फिल्टर कपॅसिटर. ब्रिजमधून येणारी डीसी सेकंदाला १०० वेळा शून्यावर येऊन परत चढते. दोन टोकांमधल्या १० मिलीसेकंदांत सर्किटला पुरवठा कपॅसिटर करतो आणि तेवढ्यात त्याचं व्होल्टेज उतरतं. हे चढणं-उतरणं म्हणजे रिपल. किती उतरेल ते काढायला सोपं सूत्र आहे: करंट गुणिले ०.०१ सेकंद, भागिले कपॅसिटरची किंमत. १ अँपिअर आणि ४७०० मायक्रोफॅरड घेतले तर २.१ व्होल्ट. सूत्र थोडं निराशावादी आहे, प्रत्यक्षात याहून कमी उतरतं, पण हिशेब करताना निराशावादी असलेलं बरं.

आता १८ च्या टॅपचा हिशेब. १८ गुणिले १.४१४ म्हणजे २५.४. डायोडचे पावणेदोन वजा, २३.६ उरले. रिपलचे २.१ गेले की पूर्ण लोडवर सगळ्यात खालचा बिंदू २१.५. मेन्स १० टक्क्यांनी खाली असेल, आणि गावाकडे संध्याकाळी तो असतोच, तर हाच बिंदू १९ वर येतो. उलट टोकही बघा: रात्री उशिरा मेन्स १० टक्के वर, सप्लायवर लोड काहीच नाही. छोटा ट्रान्सफॉर्मर बिनलोडचा असताना छापील आकड्यापेक्षा २० टक्के जास्तही देतो. कपॅसिटरवर ३३ व्होल्ट झाले. म्हणून ३५ व्होल्टचा कपॅसिटर घेऊन चार पैसे वाचवू नका, ५० चा घ्या. त्याच्यावर २.२ किलोओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर आडवा जोडून ठेवा, म्हणजे प्लग काढल्यावर तो भरलेला राहत नाही.

तीन पायांची चिप

एलएम३१७ ही चिप अमेरिकेच्या नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीत रॉबर्ट डॉबकिन यांनी १९७६ च्या सुमारास केली. ती कंपनी २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने विकत घेतली, पण चिप अजून सगळीकडे मिळते. तिचा स्वभाव एका वाक्यात सांगता येतो: आउटपुटचा पाय आणि ॲडजस्टचा पाय यांच्यात कायम १.२५ व्होल्ट राहतील असं ती बघते. बस्स. बाकीची करामत आपण रेझिस्टर कुठे लावतो त्यात आहे.

आउटपुट आणि ॲडजस्टमध्ये १०० ओहम लावा. त्यावर १.२५ व्होल्ट, म्हणजे त्यातून १२.५ मिलीअँपिअर वाहणार. हा करंट पुढे ॲडजस्टपासून ग्राउंडपर्यंत लावलेल्या १ किलोओहमच्या पॉटमधून, म्हणजे नॉब फिरवून बदलणाऱ्या रेझिस्टरमधून, जातो. पॉट शून्यावर असेल तर आउटपुट १.२५, पॉट पूर्ण असेल तर १२.५ अधिक १.२५ म्हणजे १३.७५ व्होल्ट. झाला बदलता सप्लाय. बऱ्याच आकृत्यांत १०० च्या जागी २४० ओहम दिसतात. पण एलएम३१७ ला ताब्यात राहायला स्वतःतून थोडा करंट जावा लागतो, वाईटात वाईट नमुन्याला १० मिलीअँपिअर. २४० ओहममध्ये फक्त ५.२ जातो, आणि मग एखादी चिप बिनलोडची असताना सेट केल्यापेक्षा वर सरकते. आपण मल्टिमीटरवर डोळे चोळत बसतो.

ॲडजस्टपासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड लावला की रिपल आणखी दबतो: डेटाशीटप्रमाणे, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणे, ६५ डेसिबलवरून ८० डेसिबलवर. आकड्यात सांगायचं तर इनपुटवरचा २ व्होल्टचा रिपल आउटपुटला १ मिलीव्होल्टच्या ऐवजी ०.२ मिलीव्होल्ट उरतो. हा कपॅसिटर लावला तर त्याची साठवण उलटी चिपमध्ये शिरू नये म्हणून १एन४००७ ॲडजस्टकडून आउटपुटकडे, आणि दुसरा आउटपुटकडून इनपुटकडे लावायचा. डायोडवरची पट्टी कुठल्या बाजूला हे दोनदा बघा.

एक धोका नीट लक्षात ठेवा. स्वस्त पॉटचा सरकता काटा झिजला आणि क्षणभर सुटला, तर चिपला वाटतं पॉट अनंत आहे, आणि आउटपुट थेट वरच्या टोकाला उडी मारतं. ३.३ व्होल्टच्या बोर्डाला तेवढा क्षण पुरतो. पॉट चांगला घ्या. परवडत असेल तर दहा फेऱ्यांचा, त्यात व्होल्टेज बारीक सेट होतं हा वरचा फायदा.

दुसरी तीच चिप, करंटसाठी

तीच चिप करंटही धरू शकते. आउटपुटच्या पायाला एक छोटा रेझिस्टर लावा आणि रेझिस्टरचं दुसरं टोक ॲडजस्टला जोडा. आता रेझिस्टरवर १.२५ व्होल्ट राहायला हवेत. म्हणजे करंट १.२५ भागिले रेझिस्टर यापुढे जाऊ शकत नाही. १.२ ओहमला १.०४ अँपिअर, ४.७ ओहमला २६६ मिलीअँपिअर, १२ ओहमला १०४, ३९ ओहमला ३२. रोटरी स्विचवर हे चार रेझिस्टर बसवा आणि हा भाग व्होल्टेजच्या चिपच्या आधी ठेवा. १.२ ओहमवर सव्वा वॅट उष्णता होते, तेव्हा तो पांढरा सिमेंटचा ५ वॅटचा घ्या, ४.७ ला १ वॅट पुरे, उरलेले दोन साध्या अर्ध्या वॅटचे चालतात. स्विच एका जागेवरून दुसरीकडे जाताना क्षणभर कुठेच चिकटलेला नसतो, तेव्हा आउटपुट खाली जातं, वर नाही. हे बरं आहे.

सगळ्यात खालच्या, ३२ मिलीअँपिअरच्या पायरीत एक मेख आहे. त्यातले साडेबारा पुढची चिप स्वतःच्या रेझिस्टरमध्ये खर्च करते, सर्किटला २० च्या आसपास उरतात. आउटपुट सरळ शॉर्ट झालं तर मात्र पुढच्या चिपचा खर्च थांबतो आणि पूर्ण ३२ बाहेर पडतात. एलईडी तपासायला दोन्ही परिस्थिती चालतात.

दोन चिपांची किंमत व्होल्टमध्ये मोजावी लागते. पहिली चिप साधारण २ व्होल्ट खाते, तिचा रेझिस्टर १.२५, दुसरी चिप आणखी २, साडेपाच धरा. मेन्स पडलेला असताना १९ मधून साडेपाच गेले, उरले साडेतेरा. आपली पॉटची वरची मर्यादा १३.७५ आहे ती उगीच नाही.

उष्णतेचा हिशेब

लिनियर सप्लाय, म्हणजे आपला हा प्रकार, जादा व्होल्टेजचं काय करतो? जाळतो. इनपुट २२, आउटपुट ५, करंट १ अँपिअर: बाहेर ५ वॅट जातात, १७ वॅट डब्यात उष्णता होऊन राहतात. आणि करंटची मर्यादा लागू होते तेव्हा हा हिशेब सगळ्यात वाईट होतो. आउटपुट शॉर्ट, व्होल्टेज शून्य, करंट मात्र १ अँपिअर वाहतोच आहे. सगळं व्होल्टेज आतच पडतं. ज्या प्रसंगासाठी मर्यादा बसवली, तोच प्रसंग सप्लायच्या जिवावर येतो.

आपल्या जोडगोळीत उष्णता जागाही बदलते. सर्किट नीट चालू असताना पहिली चिप सताड उघडी असते आणि भार दुसरीवर असतो. शॉर्ट झाला की दुसरी सताड उघडते आणि सगळं ओझं पहिलीवर येतं. दोघींनाही हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा) लागतं. शिवाय दोघींच्या पाठीची धातूची पट्टी आतून आउटपुटच्या पायाला जोडलेली असते, आणि दोन्ही आउटपुट वेगवेगळ्या व्होल्टेजवर. एकाच हीटसिंकवर दोन्ही नुसत्या स्क्रूने आवळल्या तर हीटसिंकमधूनच शॉर्ट होतो. मध्ये मायका, म्हणजे अभ्रकाची पातळ चकती, स्क्रूला प्लॅस्टिकची बुशिंग, दोन्ही बाजूंना पातळ पेस्ट. आवळून झाल्यावर मल्टिमीटर बझरवर ठेवून पट्टी आणि हीटसिंक तपासा; आवाज आला तर मायका फाटलाय.

१८ च्या टॅपवर शॉर्टमध्ये पहिल्या चिपवर साधारण १९ वॅट येतात. चिपच्या आतल्या सिलिकॉनपासून पाठीच्या पट्टीपर्यंत उष्णता यायला दर वॅटला ४ अंशांचा फरक पडतो, मायकाचा आणखी १ धरा. १९ गुणिले ५ म्हणजे ९५. खोली ३५ अंशांवर, म्हणजे हीटसिंक आदर्श आहे, अजिबात तापत नाही असं मानलं तरी सिलिकॉन १३० ला पोचलं. मर्यादा १२५ ची आहे. चिप जळत नाही, ती आत गरम झाली की स्वतःला मागे खेचते, पण सतत तिच्या या चांगुलपणावर जगू नये.

इथे १२ चा टॅप कामाला येतो. पुढच्या पॅनेलवर एक साधा स्विच, ब्रिजला १२ की १८ ते निवडणारा. १२ वर शॉर्टमध्ये ११ वॅट: ५५ अंश चिप आणि मायकाचे, दर वॅटला २ अंश तापणाऱ्या हीटसिंकचे २२, खोलीचे ३५. बेरीज ११२. नागपूरच्या मे महिन्यात खोली ४५ वर गेली तरी १२२. जमतं, पण सूत तुटण्याइतकं जवळून. तेव्हा ५ आणि ३.३ व्होल्टची कामं १२ च्या टॅपवर करायची, त्याहून वरची १८ वर, आणि १ अँपिअरची पायरी गरज असेल तेव्हाच. मोठ्या सप्लायमध्ये हेच टॅप बदलण्याचं काम रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, करतो, व्होल्टेजचा नॉब फिरवताना आतून ‘टक’ असा आवाज येतो तो त्याचाच.

पुढची पायरी: दोन ऑप-अँप

रोटरी स्विचच्या चार पायऱ्यांऐवजी सलग फिरणारा करंटचा नॉब हवा असेल तर ऑप-अँपकडे, म्हणजे दोन व्होल्टेजांमधला फरक ओळखून वाढवणाऱ्या चिपकडे, वळावं लागतं. एक जाड ट्रान्झिस्टर, बहुधा २एन३०५५ किंवा त्याचा प्लॅस्टिकमधला भाऊ, करंट वाहतो. एक ऑप-अँप आउटपुटचं व्होल्टेज पाहतो. दुसरा, ०.१ ओहमच्या शंट रेझिस्टरवरचं, म्हणजे करंट मोजण्यासाठी त्याच्या वाटेत घातलेल्या रेझिस्टरवरचं, व्होल्टेज पाहतो. ३ अँपिअरला त्यावर ०.३ व्होल्ट येतात. दोन्ही ऑप-अँप डायोडमधून एकाच ट्रान्झिस्टरला जोडलेले. एकाच नळाच्या चावीवर दोन माणसांचे हात आहेत आणि दोघांनाही नळ फक्त आवळायची मुभा आहे, उघडायची नाही, असा हा प्रकार. जो जास्त आवळेल त्याचं चालतं. व्होल्टेजवाल्याचं चालू असलं की सप्लाय सीव्ही (कॉन्स्टंट व्होल्टेज), करंटवाल्याचं चालू असलं की सीसी (कॉन्स्टंट करंट), आणि पॅनेलवरचा दिवा कोणाचं चाललंय ते सांगतो.

या पद्धतीचं ‘० ते ३० व्होल्ट, २ मिलीअँपिअर ते ३ अँपिअर’ असं एक किट वर्षानुवर्षं ऑनलाइन विकलं जातंय. सर्किटची कल्पना चांगली आहे, छापलेले आकडे मात्र तपासून घ्यावेत. २४ व्होल्ट एसी द्या म्हणतात. ब्रिजनंतर ३२ च्या पुढे झाले. शून्य व्होल्टपर्यंत उतरता यावं म्हणून किट स्वतः उणे ५.६ व्होल्टही तयार करतं, आणि काही ऑप-अँपना या दोन टोकांमध्ये बसवतं. झाले ३८. टीएल०८१ ऑप-अँपची कमाल मर्यादा ३६ आहे. मेन्स वर असेल तर विचारूच नका. आता दुसरं टोक: फिल्टर कपॅसिटर ३३०० मायक्रोफॅरड. ३ अँपिअरला सूत्राने ९ व्होल्ट रिपल, प्रत्यक्षात ७ धरू. ३२ मधून ७ गेले, ट्रान्झिस्टरचे आणि शंटचे २-३ गेले. उरले २२. म्हणजे ३० व्होल्ट मिळतील आणि ३ अँपिअरही मिळतील, एकत्र नाही. शॉर्टमध्ये एकट्या ट्रान्झिस्टरवर ८५ वॅटच्या आसपास. हे किट घेतलंच तर १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, १ ते दीड अँपिअरची शिस्त आणि दुप्पट कपॅसिटर. मग ते गुणी बाळासारखं चालतं.

ज्याला मेन्सला हात लावायचा नाही त्याच्यासाठी

शाळकरी मुलांना आणि अगदी नवख्यांना मी वरचं काहीच सुचवणार नाही. जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर घ्या, त्याच्यापुढे एक्सएल४०१५ चिपचं, व्होल्टेज आणि करंट असे दोन प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे छोटे पॉट) असलेलं बक मॉड्यूल, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा तयार बोर्ड, लावा, प्रीसेट काढून तिथे पॉट लावा, लाल-निळ्या आकड्यांचा व्होल्ट-अँपिअर मीटर बसवा. २३० व्होल्ट कारखान्याने बंद केलेल्या डब्यातच राहतात. उष्णताही फारशी नाही: बक मॉड्यूल जादा व्होल्टेज जाळत नाही, सेकंदाला १ लाख ८० हजार वेळा चालू-बंद करून कॉइलमधून सरासरी काढतं. ५ व्होल्ट १ अँपिअरला लिनियर सप्लाय १९ मधले १४ वॅट फुंकतो, बक एखादा वॅट.

मग सगळे हेच का करत नाहीत? एक म्हणजे आउटपुटवर त्या चालू-बंदचा खरखराट काही दहा मिलीव्होल्टचा राहतो. डिजिटल कामाला फरक पडत नाही, ऑडिओच्या किंवा सेन्सरच्या नाजूक सर्किटला पडतो. दुसरं कारण फार कोणी सांगत नाही. या मॉड्यूलच्या आउटपुटवर काहीशे मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. तुम्ही १२ व्होल्ट सेट केले, करंट २० मिलीअँपिअरवर ठेवला, आणि आता चालू सप्लायला एलईडी टेकवला. करंटची मर्यादा मॉड्यूलच्या आत आहे, कपॅसिटर तिच्या बाहेर. तो आपला साठा एका दणक्यात एलईडीत ओततो. म्हणून आउटपुटचा कपॅसिटर लहान ठेवणं ही चांगल्या बेंच सप्लायची खूण आहे, आणि मोठा असेल तर आधी तार जोडायची, मग व्होल्टेज शून्याजवळून वर न्यायचं.

तीन पिनांच्या बऱ्याच अडॅप्टरमध्ये डीसीची उणे तार आतून अर्थला जोडलेली असते, हेही लक्षात असू द्या. ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिपही अर्थच. असे दोन सप्लाय मालिकेत लावून उणे व्होल्टेज काढायला गेलात तर शॉर्ट होतो. ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायमध्ये आउटपुट कशालाच न जोडता तरंगतं ठेवता येतं. डबा लोखंडी असेल तर डब्याला अर्थ पक्का, पॅनेलवर हिरवं वेगळं टर्मिनल.

पहिल्यांदा चालू करताना

फेजच्या तारेत ५०० मिलीअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज, त्यानंतर दोन्ही तारा तोडणारा स्विच, प्रत्येक उघड्या टाक्यावर स्लीव्ह, तार डब्यात शिरते तिथे रबरी ग्रोमेट आणि आत गाठ किंवा क्लॅम्प. यात घासाघीस नको.

मग दुरुस्तीच्या दुकानात असतो तसा सिरीज बोर्ड: फेजमध्ये मालिकेत ६० वॅटचा जुना, तारेचा बल्ब. एलईडी बल्ब चालत नाही. सप्लाय त्यातून चालू करा. बल्ब क्षणभर लुकलुकून विझला तर ठीक, कपॅसिटर भरला. झगझगीत पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि बल्बने तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचवलाय. सगळं ठीक दिसलं की बल्ब काढून बिनलोडचं व्होल्टेज दोन्ही टोकांना फिरवून पाहा. मग १० ओहमचा १० वॅटचा रेझिस्टर लावून १० व्होल्टवर दहा मिनिटं ठेवा. त्याला बोट लावू नका. शेवटी मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर घेऊन थेट आउटपुटला लावा: करंटच्या चारही पायऱ्या मोजून होतात. झाल्यावर प्रोब परत व्होल्टच्या सॉकेटात घाला, नाहीतर पुढच्या वेळी व्होल्टेज मोजायला जाल आणि शॉर्ट मोजाल.

पॅनेलवर बरोबर ३.३ दिसतात आणि बोर्डावर ३.१५ मिळतात, ही तक्रार हमखास येते. दोष सप्लायचा नसतो. अर्धा चौरस मिलीमीटरच्या एक मीटर तारेचा रोध ०.०३४ ओहम, जाऊन-येऊन ०.०७. मोठा सप्लाय २ अँपिअर देत असेल तर ०.१४ व्होल्ट तारेतच गेले. तारा आखूड आणि जाड करा, क्रोकोडाइल क्लिपला तार नुसती पिळून नाही तर सोल्डर करून लावा.

सप्लाय तयार झाला की तो फक्त नवी सर्किटं चालवायला नसतो. मोबाइल दुरुस्तीवाले याचा एक फार सुंदर उपयोग करतात. बोर्डावर कुठेतरी एखादा कपॅसिटर शॉर्ट आहे, पण शंभरातला कुठला ते कळत नाही. त्या लाइनवर सव्वा व्होल्ट सोडायचा, करंट आधी १००, मग २६६ मिलीअँपिअरवर, आणि बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर पसरायचा. शॉर्ट झालेला भाग तापतो आणि त्याच्यावरचं अल्कोहोल सगळ्यात आधी उडतं. ओल्या बोर्डावर कोरडा ठिपका दिसतो. पंखा बंद ठेवा, नाहीतर सगळंच एकदम सुकेल. आणि व्होल्टेज त्या लाइनच्या नेहमीच्या व्होल्टेजपेक्षा कधीही जास्त ठेवायचं नाही: कपॅसिटर जळून शॉर्ट अचानक उघडला तर करंटची मर्यादा सुटते आणि नॉबवर सेट केलेलं पूर्ण व्होल्टेज त्या लाइनवरच्या प्रोसेसरला मिळतं.